बंद दुकानांचा मिस्त्री

"अगं, तो आकडा दे इकडे आणि जरा मागं सर. आज हे शटर रुसलंय."

आमचे हे बुटांच्या जुन्या दुकानासमोर स्टुलावर चढले होते. मी खाली उभी, एका हातात वंगणाचा डबा, दुसऱ्या हातात त्यांचा चहा. शटर रुसतं, शटर फुगतं, शटर आज ऐकायला तयार नाही, असं हे अगदी जिव्हाळ्यानं बोलतात. माझ्या रुसण्याफुगण्याचा एवढा बारकाईनं विचार त्यांनी सगळ्या संसारात कधी केल्याचं मला आठवत नाही.

"रुसू दे. चहा गार होतोय, आणि माणसं यायच्या आत तुम्हाला शर्ट बदलायचाय."

"माझा शर्ट बघायला येतायत का ती?"

"तुमच्याकडे बघितलं की आधी त्याच्यावरचे डागच दिसतात."

मी डबा खाली ठेवून तो लोखंडी आकडा दिला. ह्यांनी तो शटरला अडकवला, आधी जरासं खाली दाबलं आणि मग एका दमात वर ओढलं. पट्ट्या गुंडाळत वर गेल्या, दुकानात उजेड शिरला. आत रिकाम्या फळ्या, एक तडा गेलेला आरसा आणि पायाचं माप घ्यायची लाकडी पट्टी, बाकी काही नाही. हे दुकान बंद होऊन कैक वर्षं झाली होती. आणि आज ते छान चाललंय असं आम्हाला दाखवायचं होतं. हेच नव्हे, ओळीतली सगळीच.

हा उद्योग का मांडला होता, ते सांगते.

आमची ओळ म्हणजे शहराच्या अगदी मधोमध, खाली दुकानं आणि वर खोल्या असलेली लांबलचक इमारत. मालकीण एकच. ओळीच्या टोकाला जिन्याखाली ह्यांचं शटरदुरुस्तीचं काम चालायचं आणि त्याच जिन्यानं वर गेलं की आमचं घर. लग्न होऊन मी इथंच आले. तेव्हा संध्याकाळी खिडकीतून खाली बघितलं तर नुसती डोकी दिसायची. पलीकडे मोठमोठी ऑफिसं होती, ती सुटली की माणसं आमच्या ओळीतून खरेदी करत घरी जायची. ह्यांना जेवायला वर बोलवायचं तर मला गॅलरीतून ओरडावं लागे, आणि तरी आवाज पोचत नसे.

मग शहर पसरलं. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर काचेच्या इमारती झाल्या, ऑफिसं तिकडे गेली. ऑफिसांमागून दुकानं गेली. दुकानांमागून बसनंही वाट बदलली. कुणी कुणाशी भांडलं नाही. आमचे शेजारी चष्मेवाले म्हणतात, "वहिनी, आपल्याला कुणी हाकललं नाही हो. फक्त बोलावणं बंद झालं." शेवटी ओळीत उरलो आम्ही, चष्मेवाले आणि बटणं-दोरे विकणारी वहिनी. तिला सगळे बटणवहिनीच म्हणतात.

जो तो जाताना किल्ली ह्यांच्या हातात द्यायचा. "मिस्त्री, लक्ष असू द्या." आता असं आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात. गावाला जाताना आपण शेजाऱ्याला म्हणतो तसं. पण ह्यांनी ते मनावर घेतलं. शटर हललं नाही की गंजतं, पट्ट्या बाजूच्या खाचांत बसून जातात, वरची स्प्रिंग आखडते. मग एक दिवस उघडायला जावं तर कापूनच काढावं लागतं. म्हणून हे दर आठवड्याला ओळीच्या एका टोकापासून सुरू करायचे. कुलूप काढायचं, शटर वर, झाडू मारायचा, दुकानाला वारा लागू द्यायचा, खाचा पुसून वंगण घालायचं, शटर खाली, कुलूप. मग पुढचं दुकान. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं.

"ह्या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजता?" मी म्हणायची. "ज्यांची दुकानं त्यांना फिकीर नाही."

"ह्या ओळीनं आपल्याला पोसलं. पोराचं शिक्षण ह्या शटरांवर झालं. आता तिचा पडता काळ आला म्हणून पाठ फिरवायची?"

"शटरांना काय कळतंय त्यातलं?"

"मग मी कुठं त्यांना सांगायला जातोय?"

मी बडबडायची आणि आठवड्याच्या आठवड्याला जुनी फडकी फाडून ह्यांच्या हातात द्यायची.

मग मालकीणबाई आल्या. वाईट बाई नाही ती. जिना चढून वर आल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ म्हणाल्या, "मिस्त्री, रिकामी ओळ मी किती दिवस सांभाळू? पाडून गाड्या उभ्या करायला जागा करावी, असं चाललंय माझ्या मनात. नगरपालिकेनं आता नवीन काढलंय, धंदे परत शहराच्या मध्यात आणायचे, इथं येईल त्याला करात सूट, रस्त्याला दिवे, बस सुरू करणार. त्यांचे साहेब एक कंपनी घेऊन येतायत. विम्याचे कागद तपासायचं काम आहे, पुष्कळ माणसं लागतात म्हणे. त्यांना पसंत पडलं तर देवच पावला. नाही तर तुम्हाला मुलाकडे जावं लागेल हो."

मुलाकडे जायला मला काय दुःख होतं? मुलगा गुणाचा आहे. फ्लॅटमध्ये एक खोली आमच्यासाठी काढून ठेवलीय, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास. "आई, कधी येताय?" असं दर फोनला विचारतो. पण आम्ही मध्ये तिकडे जाऊन राहिलो होतो. पहिल्याच दिवशी ह्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या. मग खालच्या फाटकाला. मग सोसायटीच्या सेक्रेटरीनं येऊन अगदी गोड शब्दांत सांगितलं की काका, आमच्याकडे ह्या कामाला माणूस नेमलेला आहे. त्यानंतर हे बाल्कनीत खुर्ची टाकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ना पेपर, ना टीव्ही. स्वयंपाकघरातून मला त्यांची पाठ दिसायची. ओळ गेली असती तर मी दुसरीकडे रुजले असते. हे रुजले नसते, ते मला त्या पाठीवरून कळलं होतं.

म्हणून चष्मेवाल्यांनी त्यांच्या दुकानात सगळ्यांना जमवलं, तेव्हा मी हातातलं काम टाकून गेले.

"मला सांगा," चष्मेवाले म्हणाले, "चार हॉटेलं शेजारी-शेजारी असली तर माणूस कुठल्या हॉटेलात शिरतो?"

"गर्दी असेल त्यात," बटणवहिनी म्हणाली.

"बरोब्बर! ओसाड दुकानाकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती कंपनीची बाई येईल, ओळीत सगळी शटरं खाली, कुत्रं झोपलेलं. काय वाटेल तिला? आल्या पावली परत जाईल. आपण त्या दिवशी ओळ भरायची. जुन्या सगळ्यांना फोन करू. एका सकाळचा प्रश्न आहे."

हे डोकं खाजवत होते. "म्हणजे खोटं?"

"खोटं कसलं मिस्त्री? होतंच की हे सगळं. आपण फक्त परत दाखवायचं."

ते ऐकून ह्यांचा चेहरा असा काही उजळला की माझ्या मनात काही शंका आली असती तरी मी ती गिळून टाकली असती. पण खरं सांगायचं तर शंका आलीच नाही. मलाही ते पटलं.

फोन केले तेव्हा वाटलं होतं, दोघं-तिघं येतील, तेवढीच शोभा. आली सगळी! कोण कुठून दोन बस बदलून, कोण मुलाच्या गाडीतून. बूटवाले घरातल्या झाडून सगळ्यांच्या चपला-बूट पिशव्यांत भरून घेऊन आले, पुसूनबिसून फळ्यांवर मांडले. नातवाचा फुटबॉलचा बूट त्यांनी दर्शनी ठेवला. खेळण्यांच्या दुकानातल्या काकूंनी नातवंडांची खेळणी आणली, त्यातली निम्मी बिनचाकाची. आणि कापडवाले अण्णा आले.

अण्णांचं दुकान ओळीत सगळ्यात मोठं होतं. बंद करायच्या दिवशी माल टेम्पोत चढला, आणि अण्णांना शटर काही ओढवेना. ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. ह्यांनी शटर ओढलं होतं, कुलूप लावलं होतं. त्या रात्री हे जेवले नाहीत. आज अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत लोखंडी मीटरपट्टी घेऊन उतरले. बरोबर घरचे पडदे, चादरी, पलंगपोस. सगळं त्यांनी ताग्यासारखं गुंडाळलं होतं, कडेला कड जुळवून.

"सूनबाईला सांगितलं, धुवायला नेतोय," ते मला हळूच म्हणाले. "मिस्त्री, उघड रे बाबा."

ह्यांनी शटर वर केलं आणि नेहमीसारखे बाजूला झाले. अण्णा आत गेले, काउंटरवरून हात फिरवला. हाताला धूळ लागली नाही. त्यांनी वळून ह्यांच्याकडे बघितलं.

गिऱ्हाईकं म्हणून चष्मेवाल्यांच्या मेहुण्या, बटणवहिनीच्या भिशीतल्या बायका, आणि मी. आमची तारांबळ सांगू नये अशी. बाया थोड्या, दुकानं जास्त. ठरलं असं की पाहुणी पुढच्या दुकानापर्यंत यायच्या आत मागच्या बोळातून पळायचं आणि तिथं गिऱ्हाईक होऊन उभं राहायचं. ह्या वयात मी एवढी कधी धावले नव्हते. ऊन लागू नये म्हणून जांभळी छत्री घेतलेली, ती मिटायचं भानही राहिलं नाही.

कंपनीच्या बाई आल्या. केस आखूड, पायात साध्या सपाट चपला, बोलणं कमी. बरोबर मोजायची फीत आणि टॉर्च घेतलेला इंजिनिअर आणि नगरपालिकेचे साहेब. साहेबांना आमचा बेत कुणी सांगितलाच नव्हता. ते ओळीकडे बघून डोळेच चोळायला लागले.

"मागच्या आठवड्यात मी आलो तेव्हा इथं..."

"या साहेब, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," म्हणत चष्मेवाल्यांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं.

बाई एकेक दुकान बघत चालल्या. बूटवाल्यांकडे मी एक चप्पल पायात घालून "जरा घट्ट होतेय हो" म्हणत होते. ती बूटवाल्यांच्या बायकोची होती आणि खरंच घट्ट होती. खेळण्यांच्या दुकानात मी बिनचाकाच्या आगगाडीची चौकशी केली. अण्णांकडे पोचले तेव्हा मला धाप लागली होती, आणि बाई माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्हाला खरेदीची फार हौस दिसते."

"हो ना," मी म्हटलं. "घरचे बोलतात सारखे."

अण्णांनी चष्मेवाल्यांच्या मेहुणीला पडदा मोजून दाखवत असताना मान वर करून नमस्कार केला. खरं गिऱ्हाईक आणि खरं दुकान, असंच मलासुद्धा वाटलं क्षणभर.

बाई रस्त्यावर आल्या, ओळीकडे एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मालकीणबाई गाडीतून उतरून पुढे झाल्या होत्या.

"फार सुंदर जागा आहे," बाई म्हणाल्या. "माणसं किती चांगली आहेत! बस आली तर आमच्या कामावरच्या मुलींना सोयीचं होईल, हेही खरं. पण साहेब, तुम्ही मला सांगितलं होतं की ओळ रिकामी आहे. इथं तर सगळी चालती दुकानं आहेत. चालत्या दुकानदारांना उठवून त्यांच्या जागेत बसायचं, हे आमच्याकडून होणार नाही. आम्ही दुसरी जागा बघतो. माफ करा हं, तुमचा वेळ घेतला."

आणि त्या गाडीकडे वळल्या.

आयुष्य काउंटरमागं काढलेली माणसं आम्ही. समोर आलेल्या माणसाकडे गिऱ्हाईक म्हणूनच बघायची सवय. आणि ही बाई आली होती रिकामी जागा शोधायला! नेमकी तीच आम्ही तिला मिळू दिली नव्हती. चष्मेवाल्यांचं तोंड उघडं ते उघडंच. मालकीणबाई माझ्याकडे बघतायत, साहेब चष्मेवाल्यांकडे. मला ती बाल्कनी दिसली, ती खुर्ची, ती पाठ.

"बाई, जरा थांबा," हे म्हणाले.

ह्यांना बोलता येत नाही. चार माणसांत तर नाहीच. त्यांनी भिंतीला टेकवलेला आकडा उचलला आणि बूटवाल्यांच्या दुकानाशी गेले. बूटवाले एक बूट हातात धरून उभे होते. ह्यांनी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. बूटवाले बाहेर आले. ह्यांनी शटर खाली ओढलं.

"हे बंद आहे," हे म्हणाले. "पुष्कळ वर्षं झाली."

पुढचं. खेळण्यांच्या काकू आगगाडी छातीशी धरून बाहेर आल्या. शटर खाली.

"हेपण."

मग त्याच्या पुढचं. माणसं एकेक करून बाहेर येत होती, रस्त्याच्या कडेला उभी राहत होती, आणि हे आपले शटर ओढत पुढे चालले होते. ज्या माणसानं ही शटरं इतकी वर्षं वर जावीत म्हणून जपली, त्याला ती अशी भरदिवसा सगळ्यांसमोर पाडावी लागत होती. मला रडू फुटलं. बटणवहिनीनं माझा हात धरला.

अण्णांच्या दुकानाशी मात्र हे थांबले. आत अण्णा मीटरपट्टी हातात घेऊन उभे. ह्यांनी आकडा उचलला, परत खाली घेतला.

"अण्णा..."

अण्णांनी पडद्याची नीट घडी घातली. सगळे पडदे, चादरी एकावर एक रचून काउंटरच्या कडेला सारल्या. मग पट्टी काखेत घेऊन बाहेर आले आणि हात पुढे केला.

"आण तो आकडा."

"मी ओढतो ना, अण्णा."

"त्या दिवशी तू ओढलंस. माझ्याच्यानं झालं नाही. आज मला ओढू दे."

अण्णांनी शटर ओढलं. शेवटची वीतभर वाकून, हातानं दाबून बसवलं. ह्यांच्याकडून कुलूप घेऊन लावलं आणि किल्ली परत ह्यांच्या हातावर ठेवली.

कंपनीच्या बाई गाडीच्या दाराला हात लावून उभ्या होत्या. "आजोबा, तुमचं तरी दुकान चालू होतं ना?"

"होतं ना," अण्णा म्हणाले. "चांगलं जोरात होतं. आता नाही."

बाईंनी ओळीकडे बघितलं. चष्मेवाल्यांचं आणि बटणवहिनीचं सोडून सगळं बंद. मग त्यांची नजर माझ्यावर आली, माझ्या छत्रीवर.

"आणि ह्या?"

"मी मिस्त्रींची बायको," मी डोळे पुसत म्हटलं. "मला काहीच घ्यायचं नव्हतं हो. ती चप्पलपण घट्ट होती."

बाई आधी ओठ दाबून राहिल्या. मग जे हसू फुटलं ते आवरेना त्यांना. गाडीला टेकून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेब हसले, चष्मेवाले ओशाळून हसले, बूटवाल्यांच्या हातातला बूट खाली पडला. हे एकटे आकडा धरून गंभीर उभे.

"मिस्त्री," बाई रुमालानं डोळे टिपत म्हणाल्या, "आता उघडा बघू सगळं परत. मला रिकामं बघायचंय."

हे परत पहिल्या दुकानापासून सुरू झाले. ह्या वेळी बाई आत शिरल्या, इंजिनिअरनं भिंती ठोकून बघितल्या, कोपऱ्यांत टॉर्च मारला. "ओल नाही कुठे," तो बाईंना म्हणाला. "इतकी वर्षं बंद असलेली जागा एवढी कोरडी मी बघितली नाही. वास पण नाही." बाईंनी हजार प्रश्न विचारले. बायकांना स्वच्छतागृह कुठे करता येईल, अंधार पडल्यावर रस्त्यावर कोण असतं, मधल्या भिंती निघतील का. ह्यांनी येत होतं ते सांगितलं, नव्हतं येत तिथं "मला माहीत नाही" म्हणाले. बाईंनी जाताना हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. फोन वाजला की जीव टांगणीला. हे मात्र आपले वंगणाचा डबा घेऊन ओळीत.

एके दुपारी मालकीणबाई जिना चढून आल्या. दम लागलेला, तरी बसल्या नाहीत. "राहा आता," म्हणाल्या. एवढंच. मी त्यांचे हात धरले आणि काय-काय बोलले, आठवत नाही. हे "बरं झालं" म्हणाले आणि खाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत. मी गॅलरीतून बघितलं तर जिन्याखाली पाटावर बसून फडक्यानं डोळे पुसत होते, आणि फडकं वंगणाचं.

मी काही फार देवधर्म करणारी बाई नाही. पण त्या सकाळी जी माणसं दोन-दोन बस बदलून, घरचे बूट न् पडदे उचलून आली, ज्यांना त्यातून स्वतःला एक दमडीही मिळणार नव्हती, त्यांची नावं मी रोज मनात घेते. त्यांची दुकानं काही परत सुरू व्हायची नव्हती. उघडं राहणार होतं ते आमचं घर. हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी ती आली. चष्मेवाल्यांच्या अकलेलाही मी आता नावं ठेवत नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

कामाला सुरुवात झाली तेव्हा एक गोष्ट माझ्या मनाला लागली. कंपनीला ओळीला दर्शनी काचा हव्या होत्या. शटरं काढून टाकायची होती, आणि ते काम अर्थातच ह्यांच्याकडे आलं.

"ही बरी तऱ्हा," मी भडकले. "ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, तीच भंगारात घालायची, आणि तीही तुमच्या हातानं?"

"अगं, शटर असतं कशाला? बंद करायला. आता बंदच करायचं नाही म्हणतायत ते, तर तुला वाईट कशाचं वाटतं?"

"आणि तुमचं काम?"

"बाईंनी विचारलंय, दारं, कड्या, कुलपं बघाल का म्हणून. हो म्हटलंय." मग म्हणाले, "काच कधी हाताळली नाही मी. शिकावं लागेल."

शटराची वरची स्प्रिंग ताणलेली असते. ती एकदम सुटली तर माणसाचा हात मोडते. म्हणून ताण हळूहळू सोडायचा असतो, एकेक वेढा. हे रोज एखादं शटर उतरवायचे. उतरवलेल्या पट्ट्या पुसून, बांधून ठेवायचे, कुठे लांबच्या गावाला जायच्या असाव्यात तशा. मी म्हटलं, भंगारवाला पुसून मागतोय का? ह्यांनी पुढची पट्टी पुसायला घेतली.

शेवटी राहिलं अण्णांचं. ओळीत एका बाजूनं कंपनीचं काम सुरूही झालं होतं आणि नवी माणसं हजर व्हायला लागली होती. ह्यांनी अण्णांना फोन करून बोलावून घेतलं. अण्णा आले, तोच कडक इस्त्रीचा शर्ट. दोघांनी मिळून शटर सोडवलं. हे शिडीवर, अण्णा खालून स्प्रिंगचा दांडा धरून. "सोडू?" "सोड." "धरलंय ना?" "अरे धरलंय, म्हातारा झालो म्हणून एवढा नाही झालो." मी जिन्याच्या कठड्याला टेकून बघत होते. शेवटचा वेढा सुटला आणि दोघांनी मिळून तो जाडजूड दांडा जमिनीवर टेकवला. दुकान आता सताड उघडं, आड काही नाही. ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत गेलं. ताग्यांच्या फळ्या जिथं होत्या तिथं भिंतीवर आडव्या खुणा होत्या. अण्णा त्याकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात एक मुलगी येऊन थांबली. खांद्याला पर्स, हातात डबा, नव्या नोकरीचा पहिला दिवस चेहऱ्यावर दिसत होता. शिडी आणि दोन म्हातारे बघून बावरली.

"काका, कामाला हजर व्हायचंय. इथूनच आत जायचं का?"

ह्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी शर्टाला हात पुसले, उंबऱ्याच्या एका बाजूला सरले आणि जरासे वाकले, जसे आयुष्यभर वाकायचे तसे.

"या, या. आत या," ते म्हणाले.

ह्यांनी शिडी उचलली आणि तिला वाट करून दिली.